खानदेशातल्या शिल्पांची नोंद कशी करावी: वीरगळापासून चौकातल्या पुतळ्यापर्यंत

पाटणादेवी, बलसाणे, वाघळी, चांगदेव या जुन्या देवळांच्या ठिकाणांची नावं शिल्पाच्या अभ्यासकांना पाठ आहेत. पण मारुतीच्या पाराला टेकवलेला वीरगळ (लढताना पडलेल्या वीराचा स्मृतिदगड), विहिरीच्या बांधकामात चिणलेला द्वारशाखेचा (देवळाच्या दाराच्या कोरीव चौकटीचा) तुकडा, शाळेच्या आवारात उताणी पडलेली देवी, नगरपालिकेच्या गोदामात ठेवून दिलेला जुना सिमेंटचा अर्धपुतळा यांची नोंद बहुतेक वेळा कुठेच नसते. उद्या कुणी संशोधक त्या गावात पोहोचेल, तोवर यातलं बरंच काही जीर्णोद्धारात, ऑइलपेंटखाली नाहीतर चोरीत गेलेलं असेल. ही नोंद गावातला शिक्षक करू शकतो, कॉलेजातली मुलगी करू शकते, ग्रामपंचायतीचा सदस्यही करू शकतो. त्यासाठी पदवी लागत नाही, शिस्त मात्र लागते. डोळ्यांना जे दिसतं ते आधी लिहायचं, त्याचा अर्थ वेगळ्या रकान्यात लिहायचा आणि दगड जागचा हलवायचा नाही. पुढची सगळी कामं या तीन नियमांवर उभी आहेत.

निघण्याआधी घरी

एका वेळी एकच तालुका घ्या. संपूर्ण खानदेश एकदम हाती घेतला की नोंदी अर्धवट राहतात, आणि अर्धवट नोंदीवर दुसऱ्या कुणाला भरवसा ठेवता येत नाही. सुरुवात १८८० च्या खानदेश गॅझेटियरपासून करा. त्यात गावांची माहिती तेव्हाच्या तालुक्यांनुसार आहे. म्हणून साक्रीकडची गावं पिंपळनेर तालुक्यात शोधावी लागतात आणि मुक्ताईनगर एदलाबाद या नावाने सापडतं. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. हे लक्षात नसेल तर जुन्या कागदपत्रांतलं गाव भलत्याच जिल्ह्यात शोधत बसाल. दुसरा थांबा धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि लगेच पुढच्या वर्षी हे मंडळ उभं राहिलं. तिथली जुनी कागदपत्रं, वस्तुसंग्रह आणि ‘संशोधक’ या त्रैमासिकाचे अंक पाहिल्याशिवाय ‘हे आजवर कुणी पाहिलेलं नाही’ असं लिहू नये.

जुन्या नोंदी तपासताना दोन जागी हमखास घसरायला होतं.

पहिली जागा ‘हेमाडपंती’ हा शब्द. चुन्याशिवाय रचलेलं काळ्या पाषाणाचं देऊळ दिसलं की आपण हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. हेमाद्री हा यादवांचा मंत्री तेराव्या शतकातला. चाळीसगाव तालुक्यातल्या वाघळीचा शिलालेख शके ९९१ चा, म्हणजे इ. स. १०६९ चा. बलसाण्याची देवळंही अकराव्या-बाराव्या शतकातली मानली जातात. ही देवळं हेमाद्रीच्या आधी उभी होती. गावकरी हेमाडपंती म्हणतात, हे ‘स्थानिक नाव’ या रकान्यात जरूर लिहा. काळाच्या रकान्यात मात्र तो शब्द येऊ देऊ नका.

दुसरी जागा शकाचं इसवी सनात रूपांतर. शकात ७८ मिळवायचे, आणि तिथी जानेवारी ते मार्चमध्ये येत असेल तर ७९, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणचा चांगदेवाचा शिलालेख पाहा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, म्हणजे या चांगदेवाने, मठ स्थापला, त्याची नोंद देणारा हा लेख आहे. त्यात शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा आणि चंद्रग्रहण असा तपशील आहे. नुसते ७८ मिळवले तर १२०६ येतं, संवत्सर आणि ग्रहण जुळवलं की १२०७. तेव्हा नोंदीत मूळ शक, संवत्सर, मास, तिथी, वार जसंच्या तसं उतरवा. इसवी सन वेगळ्या ओळीत, तोही पडताळल्यानंतरच.

परवानगी आणि कायदा

केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित स्मारकात हातात धरून साधे फोटो काढता येतात. तिपाई किंवा ड्रोन वापरायचा असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित असतात. शिल्पाच्या शेजारी नवं बांधकाम चाललेलं दिसलं तर अंतर मोजून नोंदीत टाका.

पूजेतल्या मूर्तीसाठी सरकारी कागदापेक्षा पुजाऱ्याचा आणि गावाचा होकार मोलाचा. आधी पारावर जाऊन बसा, राम राम करा, एखाद्या जाणत्या आबांना किंवा आप्पांना सोबत घ्या, मग वही उघडा. मूर्तीला लुगडं, मुखवटा असेल तर तो काढायला सांगू नका. सकाळच्या स्नानाच्या वेळी येऊन पाहू का, एवढंच विचारा. वस्त्राविना फोटो काढू देत नसतील तर तो नकार मानायचा. पुजारी जे तोंडी सांगतील ते लिहून घ्यायचं आणि पुढे ‘पाहिले नाही, सांगण्यावरून’ असा शेरा मारायचा.

शेत नांगरताना किंवा पाया खणताना मूर्ती निघाली असेल तर ती घरी नेऊ नये, परस्पर देवळातही बसवू नये. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, प्रत्यक्षात तलाठ्यामार्फत तहसीलला कळवलं जातं. १०० वर्षांपेक्षा जुनं शिल्प १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते देशाबाहेर नेता येत नाही आणि खाजगी ताब्यात असेल तर त्याची नोंदणी करावी लागते. हे सांगताना धाकाचा सूर नको. ‘पोलीस येतील’ असं ऐकलं की लोक मूर्ती रातोरात नदीत सोडून देतात.

सामान

५ मीटरचा कापडी टेप (लोखंडी पट्टीने कडा खरवडतात), काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची १० सेंटिमीटर आणि ५० सेंटिमीटरची मोजपट्टी, ओळंबा, मऊ केसांचा दोन इंची ब्रश, दोन टॉर्च, साधारण ६० बाय ९० सेंटिमीटरचा पांढरा थर्माकोल, आलेखवही, २बी पेन्सिल, फोटोत रंग आणि उजेड बरोबर यावा म्हणून राखाडी कार्ड, पॉवर बँक आणि पुरेसं पाणी. कॅमेरा असेल तर उत्तम, चांगला मोबाइलही पुरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सोयीचा काळ. एप्रिल-मेच्या उन्हात मोबाइल तापून बंद पडतो आणि दुपारचा सरळ माथ्यावरचा प्रकाश कोरीव काम सपाट करून टाकतो. नदीकाठाचा अपवाद. चांगदेवजवळ तापी-पूर्णेच्या संगमाला हतनूर धरणाचा फुगवटा असतो, त्यामुळे पाणी उतरल्यावर उघडे पडणारे दगड उन्हाळ्यातच पाहायला मिळतात. अशा वेळी सकाळी नऊच्या आत काम उरकावं.

मूर्तीसमोर: क्रम सोडू नका

पोहोचल्यावर कशालाही हात न लावता, फुलंही न हलवता, चार बाजूंनी आणि लांबून फोटो घ्या. शिल्प कुठे आहे, कशाला टेकलंय, तोंड कोणत्या दिशेला आहे, शेजारी काय आहे हे या फोटोंत यायला हवं. पुष्कळ नोंदी इथेच फसतात. मूर्तीचे पन्नास फोटो असतात आणि ती देवळात होती की गोठ्यात, हे कुठेच कळत नाही.

मग अक्षांश-रेखांश दशांशात, पाच स्थळांपर्यंत लिहा. मोबाइल जी अचूकता दाखवतो (बहुधा तीन ते पाच मीटर) तीही लिहा. त्यानंतर मापं: उंची, रुंदी, जाडी, याच क्रमाने आणि सेंटिमीटरमध्ये. पाया जमिनीत गाडलेला असेल तर ‘जमिनीवरची उंची’ असं स्पष्ट लिहा. खाली काय आहे ते पाहायला खणू नका. मातीचे थर एकदा ढवळले की त्यांतून कळणारा काळ कायमचा जातो.

दगड बहुतेक ठिकाणी बेसाल्ट असतो. तरी नुसतं ‘काळा दगड’ लिहून थांबू नका. घट्ट आणि बारीक कणांचा आहे, की पोकळ्यांचा? पोकळ्यांत पांढरे स्फटिक भरलेत का? शेजारच्या देवळाच्या दगडाशी जुळतो का? शिल्प मूळचं तिथलं की दुसरीकडून आणलेलं, याचा पहिला पुरावा इथे मिळतो.

शेंदूर हा खानदेशातला नेहमीचा अडसर. तेलात कालवलेल्या शेंदराचे थर वर्षानुवर्षं चढत जातात आणि आतली मूर्ती गोल गोटा होऊन बसते. हा थर खरवडू नका. गावाची श्रद्धा दुखावते, दगडाचा पापुद्रा सोबत निघतो आणि शेंदरात शिसं किंवा पारा असल्यामुळे त्याची धूळ नाकातोंडात जाणं घातक असतं. कधीकधी कवच आपसूक गळून पडतं. तसं झालं तर गावाने फोन करावा, एवढी ओळख जोडून ठेवा, कारण नव्याने शेंदूर चढण्याआधीचे ते एक-दोन दिवस हीच संधी असते. खडू, कोळसा, हळद किंवा पीठ लावून अक्षरं आणि रेषा उठवणंही टाळा. त्याने तुम्हाला जे वाटतं तेच ठळक होतं आणि पुढच्या वाचकाची वाट बंद होते. ओल्या कागदावरचा ठसा हे पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांचं काम आहे.

त्याऐवजी प्रकाश वापरा. संध्याकाळी अंधार पडल्यावर कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवा, फ्लॅश बंद करा आणि टॉर्च दगडाच्या पृष्ठभागाशी साधारण १० ते १५ अंशांच्या कोनात बाजूने धरा. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आठ जागांवरून आठ फोटो घ्या. उजव्या बाजूच्या प्रकाशात न दिसलेलं अक्षर वरून आलेल्या प्रकाशात उठून दिसतं. दिवसा हेच काम थर्माकोलने होतं: सावलीतल्या मूर्तीवर बाजूने ऊन परतवायचं.

पाठ, बैठक, हातांच्या मागची बाजू आणि पायाखालची पट्टी पाहिल्याशिवाय उठू नका. चाळीसगावच्या डोंगरापलीकडे, कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याला सापडलेला यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कान्हदास नावाच्या सोनाराने तो घडवला, हे त्याच्या हातावर कोरलेल्या अक्षरांमुळे कळतं. कलावंताचं नाव सांगणारे इतके जुने लेख फार थोडे आहेत.

ओळख पटवताना

उजवा-डावा हात म्हणजे मूर्तीचा, पाहणाऱ्याचा नव्हे. विष्णूच्या मूर्तीत ही चूक महागात पडते. चोवीस रूपांचा भेद फक्त शंख, चक्र, गदा, पद्म यांच्या क्रमावर ठरतो. खालच्या उजव्या हातापासून सुरू करून वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा असं फिरत आयुधं लिहायची. या क्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा आलं तर केशव. पद्म, गदा, चक्र, शंख आलं तर त्रिविक्रम. हात तुटलेला असेल तर ‘तुटलेला’ लिहा, अंदाजाने आयुध भरू नका.

सूर्य दोन्ही हातांतल्या कमळांवरून आणि पायांतल्या उंच पादत्राणांवरून ओळखू येतो. हाडांचा सापळा झालेली देवी आणि पोटावर विंचू म्हणजे चामुंडा. जैन मूर्तीत आसनावरचं लांछन, म्हणजे त्या तीर्थंकराचं चिन्ह, शोधा. डोक्यावर नागफणा असेल तर फण्या मोजा: साधारणपणे सात असतील तर पार्श्वनाथ, पाच असतील तर सुपार्श्वनाथ. गाव त्या मूर्तीला मरीआई, म्हसोबा किंवा भैरोबा म्हणून पूजत असेल तर ते नावही तितक्याच मानाने नोंदवा आणि तिथे उभं राहून ‘हा तुमचा म्हसोबा नाहीच’ असं सांगू नका. मूर्तीचं आजचं आयुष्य हाही संशोधनाचा विषय आहे.

वीरगळाचे कप्पे खालून वर वाचायचे. तळाशी लढाई किंवा गाई सोडवताना आलेलं मरण, मध्ये अप्सरा वीराला वर नेताना, माथ्यावर शिवलिंगाची पूजा आणि दोन्ही बाजूंना चंद्र-सूर्य. तळच्या कप्प्यात गाई आहेत, घोडे आहेत की होडी आहे, शस्त्र कोणतं आहे, हे एकेक करून लिहा, कारण गावाचा इतिहास तिथेच दडलेला असतो. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्यांचा हात असतो.

साक्री, नवापूर आणि सातपुड्याच्या पाड्यांवर लाकडात आणि दगडात कोरलेले वाघदेव आहेत, मृतांच्या स्मृतीचे खांबही आहेत. तिथे घरच्या माणसांच्या आणि भगताच्या होकाराशिवाय कॅमेरा काढूच नये. लाकूड कुजलं की नवा खांब घडवला जातो. जुना खांब जतन झाला पाहिजे, हा आपला आग्रह तिथे लादणं चूक आहे. कोणी घडवला, कोणत्या झाडाचा, कोणत्या विधीला उभा केला, हे त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत रेकॉर्ड करा. अहिराणी पट्ट्यातही हाच नियम. ‘हाई काय शे?’ (हे काय आहे?) असं विचारलं की पुस्तकी प्रश्नापेक्षा जास्त मिळतं.

त्रिमितीय प्रतिकृतीसाठी फोटो

मूर्तीभोवती तीन उंचींवरून तीन फेऱ्या घ्या, प्रत्येक १५ अंशांवर एक फोटो. एका फेरीत २४, तीन फेऱ्यांत ७२, वर बारकाव्यांचे वीसेक. शेजारच्या दोन फोटोंत किमान ७० टक्के भाग सामायिक हवा. फोकस आणि प्रकाश लॉक करा, झूम बदलू नका, पोर्ट्रेट मोड आणि सौंदर्य वाढवणाऱ्या सोयी बंद ठेवा. मोजपट्ट्या दोन, एकमेकींना काटकोनात, आणि शेवटपर्यंत त्याच जागी. मेशरूमसारखं फुकट सॉफ्टवेअर या फोटोंतून प्रतिकृती बांधतं. ती बिघडण्याची कारणं ठरलेली आहेत: तेलाने चकाकणारा पृष्ठभाग, हलणारी पानं, ढगाआड जाऊन पुन्हा येणारं ऊन. ढगाळ सकाळ सर्वांत चांगली. भिंतीत बसवलेल्या शिल्पाला फेरी मारता येत नाही, तिथे समोरून अर्धवर्तुळात हेच करा.

चौकातले पुतळे

नवं शिल्प म्हणून याकडे दुर्लक्ष होतं, आणि पन्नास वर्षांनी कलावंताचं नाव सांगायला कुणी उरत नाही. जगातला सर्वांत उंच, १८२ मीटरचा पुतळा साकारणारे राम सुतार १९२५ साली धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरला जन्मले. १९५०च्या दशकात पुरातत्त्व खात्यात असताना त्यांनी अजिंठा-वेरूळच्या झिजलेल्या शिल्पांच्या दुरुस्तीचं काम केलं. जुनं आणि नवं शिल्प एकाच नोंदवहीत का हवं, याचं याहून चांगलं उदाहरण आपल्या मातीत नाही.

आधी माध्यम ठरवा. सोनेरी रंगामुळे फसायला होतं. बोटाने टिचकी मारून पाहा: ब्राँझ खणखणीत वाजतं, फायबर बद्द वाजतं, सिमेंट वाजतच नाही. ब्राँझला लोहचुंबक चिकटत नाही, मात्र आतल्या लोखंडी सांगाड्याजवळ ओढ जाणवू शकते. पुतळ्यांसाठी बहुधा तांबं ८५ आणि जस्त, कथील, शिसं प्रत्येकी ५ टक्के असा मिश्रधातू वापरतात, पण ते प्रमाण कागद पाहिल्याशिवाय नोंदीत लिहू नका. सिमेंटच्या पुतळ्यात उभ्या तडा आणि तांबूस डाग दिसले तर आतली सळई गंजतेय. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि सिमेंट आतून फोडतो. वरून पुट्टी भरून रंग दिला तर तडा लपते, गंज चालूच राहतो. ब्राँझवर फिकट हिरवी, भुरभुरणारी पूड दिसली तर ती क्षारांमुळे होणारी झीज. गुळगुळीत, घट्ट हिरवट थर वेगळा, त्याची काळजी नसते.

उंची मोजायला शिडी नको. चौथऱ्याच्या मध्यापासून १० मीटरवर उभे राहा (चौथऱ्याची अर्धी रुंदी धरायला विसरू नका) आणि मोबाइलच्या कोनमापकाने माथ्याचा आणि पावलांचा कोन घ्या. माथा ३५ अंशांवर आला तर १० गुणिले ०.७० म्हणजे ७ मीटर, त्यात डोळ्याची उंची १.५ मिळवून ८.५. पावलं १४ अंशांवर आली तर २.५ अधिक १.५, म्हणजे ४. पुतळा ४.५ मीटरचा.

कलावंताची सही बहुधा बैठकीच्या मागच्या किंवा बाजूच्या कडेवर, टाचेजवळ असते. कोनशिलेवर मंत्र्यांची नावं असतात, शिल्पकाराचं क्वचितच. ते नाव फाइलीत सापडतं. पुतळ्यासाठी ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा ठराव होतो, जिल्हाधिकारी कार्यालयात प्रस्ताव जातो, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. अर्जात ‘पुतळ्याची सर्व माहिती’ असं मोघम मागू नका. ठरावाची प्रत, कार्यादेश, शिल्पकाराचा करारनामा आणि मान्यतापत्र असं नेमकं मागा. जुना पुतळा बदलून नवा बसवला असेल तर जुना कुठे गेला, हा प्रश्न हटकून विचारा.

शिल्पकार भेटले तर आधी स्टुडिओतले प्लास्टरचे तुकडे, छोटे नमुने आणि साचे पाहा, कारण पुतळा रंगवला गेला तरी कलावंताचा मूळ हात तिथे टिकून असतो. सांगाडा कशाचा, साचा किती तुकड्यांत, ओतकाम कुठे, समितीने कोणते बदल करायला लावले, हे विचारा. मुलाखत रेकॉर्ड करण्याची आणि वापरण्याची लेखी संमती त्याच दिवशी घ्या. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढायला आणि छापायला कॉपीराइट कायद्यात मुभा आहे. त्याची त्रिमितीय नक्कल करून विकायला मात्र ती मुभा नाही. कलावंताचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

नोंद ठेवणं आणि देणं

प्रत्येक शिल्पाला एक क्रमांक द्या, उदाहरणार्थ धुळे-साक्री-गावाचं नाव-००१, आणि फोटोंच्या फाइलींनाही तोच क्रमांक, पुढे तारीख. मूळ फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, तो आकार घटवतो आणि सोबतची माहिती पुसतो. तीन प्रती ठेवा: दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी.

सुट्ट्या, राखण नसलेल्या मूर्तींचं नेमकं ठिकाण फेसबुकवर किंवा नकाशावर टाकू नका. चोरांना पत्ता हवा असतो आणि तो आपण हौसेने देतो. जाहीर नोंदीत तालुका पुरे, पूर्ण नोंद संशोधकाला आणि पुरातत्त्व विभागाला. नोंदीत मूर्तीच्या तुटफुटीचे जवळून घेतलेले फोटो हवेतच. चोरीला गेलेली मूर्ती दुसऱ्या राज्यात सापडली तर ती आपलीच हे तुटलेलं नाक, कडेचा टवका, बैठकीवरची भेग यांवरूनच सिद्ध होतं.

ग्रामपंचायतीला छापील प्रत द्या आणि जीर्णोद्धार समितीची बैठक होण्याआधी ती पोहोचेल असं पाहा. फरशी बसवण्याआधी, दगड घासून काढण्याआधी, खंडित मूर्ती विसर्जनाला नेण्याआधी वर्गणी गोळा होते, आणि तेवढा अवधी हाताशी असतो. खंडित मूर्ती पूजेतून काढायची असेल तरी ती देवळाच्या आवारात ओट्यावर ठेवता येते, हे बहुतेक गावं समजून घेतात.

वर्षातून एकदा त्याच जागेवरून, त्याच कोनातून एक फोटो घ्या. शिल्प दिसलं नाही तर क्रमांक रद्द करू नका, तो दुसऱ्या शिल्पालाही देऊ नका. त्याच नोंदीखाली तारीख घालून लिहा: ‘जागेवर नाही, शेवटचे पाहिले अमुक दिवशी’, आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या.